प्रभुभोजनाची रिकामी रांग

निवृत्त_पाळक

सर्वांना सलाम.

36 वर्षं मंडळीची सेवा केली. बहुतेक नगर जिल्ह्यातल्या गावांत, मधली काही वर्षं नाशिककडे. आता निवृत्त झालोय आणि रविवारी इतरांसारखा बाकावर बसतो. एक गोष्ट फार दिवस मनात आहे. आमच्या मंडळीत मी ती कधी सांगितली नाही. तिथे आधी सांगायला हवी होती, तरी इथून सुरुवात करतो.

ज्यांना आमच्या पद्धती ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं. पाळक म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीचा धर्मगुरू. तो संसारी असू शकतो. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये येते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या आणि हे चर्च उभं राहिलं. नगरकडचे आमचे लोक त्याआधी अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे. बिशप आमच्याकडे नंतर आले. प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा संस्कार. सीएनआयमध्ये स्त्रीला पाळकपदाची दीक्षा मिळते, तिला प्रभुभोजन देता येतं. नियमाची कसलीही आडकाठी नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते नियमामुळे झालेलं नाही.

2008 सालचा पावसाळा. मी एका तालुक्याच्या गावी होतो. डायोसीजनं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागानं, मदतीला एक तरुण पाळक दिली. सेमिनरीत शिकलेली, नुकतीच दीक्षा झालेली, वय तिशीच्या आत. उपदेश करायची तर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसायची. शब्बाथशाळेची मुलं तिच्या मागेमागे. कुणी आजारी पडलं की प्रार्थनेला तिलाच बोलावणं यायचं. मला वाटलं, सगळं सुरळीत आहे.

मग तिचा प्रभुभोजनाचा पहिला रविवार आला. आमच्याकडे दोन रांगा लागत. डावीकडे मी भाकरीचं तबक घेऊन उभा राहिलो, उजवीकडे ती. दोघांच्या शेजारी प्याला धरून एकेक वडील, म्हणजे मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ. पेटीवर भजन सुरू झालं, लोक उठले. उजव्या रांगेतला पहिला गृहस्थ तिच्यापासून चार पावलांवर आला, थबकला, आणि वळून माझ्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्यामागचा त्याच्यामागे गेला. मग बायकाही गेल्या. कुणी एक शब्द बोललं नाही. माझी रांग दारापर्यंत गेली आणि तिच्यासमोर नुसती फरशी. ती तबक धरून उभी होती. मान खाली घातली नव्हती तिनं.

मी भाकर वाटत राहिलो.

माझ्या रांगेत एक आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत यायच्या. माझ्यापर्यंत पोचायला दोनच माणसं राहिली होती. त्यांनी उजवीकडे पाहिलं, रांग सोडली, काठी टेकत टेकत तिच्यापुढे गेल्या आणि दोन्ही हात पुढे केले. बाकावरून उठून तिच्या हातची भाकर घेतलेलं त्या दिवशीचं ते एकच माणूस.

पंधरा दिवसांनी पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीची, बैठक झाली. वाईट कुणीच बोललं नाही. पोरगी गुणी आहे, पण गावाला अजून सवय नाही. आपली परंपरा नाही. लोक दुसऱ्या प्रार्थनासभांकडे वळतील. डायोसीजला पत्र द्यायचं ठरलं, की तिला शहरातल्या मंडळीत नेमावं, तिथे तिच्या गुणांचं चीज होईल. ते पत्र माझ्या अक्षरात आहे, सही माझी आहे. 'गुणांचं चीज' हे शब्दही मीच सुचवले.

आता त्या आजींबद्दल. त्या निवृत्त बायबलबाई होत्या. हा शब्द हल्ली नगरमध्येही नव्या पोरांना समजावून सांगावा लागतो. मिशनच्या काळात या बाया दोघीदोघींच्या जोडीनं गावोगाव पायी फिरत. पुरुष प्रचारकाला ओसरीच्या पुढे मज्जाव असे, यांना माजघरापर्यंत वाट मोकळी. त्या अक्षर शिकवत, वचन वाचून दाखवत, बाळंतिणीजवळ बसत, रेव्हरंड टिळकांची भजनं गात, मयत झालं तर रात्रभर घरच्यांजवळ थांबत. माझ्या आजीला अक्षरओळख झाली ती अशाच एका बाईकडून, महारवाड्यातल्या लिंबाखाली. आमच्या घराण्यात येशूचं नाव आलं ते एका बाईच्या तोंडून. पाळक नंतर आला, बाप्तिस्मा देऊन गेला, आणि नोंदवहीत त्याचं नाव राहिलं. त्या बाईचं नाव माझ्या आजीलाही पुरतं सांगता येत नसे, ती नुसतं 'आमच्या बाई' म्हणायची.

कमिटीत नऊजण होतो. त्यातल्या पाचांच्या तरी घरची हीच हकीकत. मला त्यांची घरं माहीत होती, म्हणून सांगतो. आणि आम्ही सगळे मिळून म्हणालो, आपल्यात ही परंपरा नाही. चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर पाळकांची नावं ओळीनं कोरली आहेत. माझंही आहे. बायबलबाईंपैकी एकीचंही नाही. मला वाटतं, आम्ही परंपरा म्हणून त्या पाटीकडे बोट दाखवत होतो.

निवृत्तीनंतर बायबलातल्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय निवांत वाचला. 36 वर्षांत त्यावर एकदाही उपदेश केला नाही, कारण वरवर ती नुसती नावांची यादी आहे. फिबी, प्रिस्का, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीत कष्ट करणाऱ्यांना सलाम सांगितलाय आणि त्यात इतक्या बाया. पहिलं नाव फिबीचं. किंख्रियाच्या मंडळीची सेविका, असं आपल्या मराठी बायबलात आहे. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस. आपण ज्याला डीकन म्हणतो तो याच शब्दावरून. पौल स्वतःसाठीही हाच शब्द वापरतो.

तुमच्या मंडळीत काय अनुभव आहे? विरोधातलं मतही मोकळेपणानं लिहा. मी स्वतः इतकी वर्षं त्याच बाजूला उभा होतो.

मेधा_पुणे

पाळकसाहेब, मी ख्रिस्ती नाही, पण दोनदा वाचलं. 'आपली परंपरा नाही' या वाक्यावरून पंडिता रमाबाईंचा एक प्रसंग आठवला.

1883 च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात हे शोभणार नाही, परत गेल्यावर तिथल्या बायकांमध्ये काम करणं अवघड जाईल, असा त्यांचा सूर. रमाबाईंनी कळवलं की माझ्या आईनं आणि मी तरुण पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं कधी हरकत घेतली नाही, आणि इंग्रज माणसं घेतात याचं मला नवल वाटतं.

वडील म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ज्यांना लोकांचा रोष पत्करून गंगामूळच्या रानात राहावं लागलं ते. आणि 1878 साली कलकत्त्यात पंडितांच्या समोर बोलून जिनं 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या, तिला परमुलखातले धर्मगुरू हिंदुस्थानची रीत समजावत होते. दुसऱ्याच्या परंपरेची काळजी करणाऱ्यांना ती परंपरा किती ठाऊक असते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. तुमच्या कमिटीला तर स्वतःचीच ठाऊक होती, आणि तरी तसं झालं. हे जास्त लागलं.

निवृत्त_पाळक

मेधाताई, आभारी आहे. रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला मी सेमिनरीत असताना पहिल्यांदा गेलो. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल त्यांनी मूळ भाषांवरून मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची वर्षं या कामात गेली. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, आणि तिथे खिळे जुळवणाऱ्याही बायका आणि मुलीच. ज्या हातांनी वचन भाषांतर केलं, जुळवलं, छापलं, बांधलं, त्या हातातून भाकर घ्यायला आम्हाला संकोच वाटतो. हे मी आज लिहू शकतो. 2008 मध्ये हे सगळं मला माहीत होतं आणि सुचलं नाही.

शमुवेल_नेवासे

पाळकसाहेब, सलाम. तुमचं मन दुखवायचं नाही, पण तुम्हीच मोकळेपणानं लिहा म्हणालात.

माझी आई 22 वर्षं महिला मंडळाची अध्यक्ष होती. बायकांना मी कमी लेखत नाही. पण वचन स्पष्ट आहे. पौलाच्या पत्रांत, 1 करिंथ 14 मध्ये स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे. 1 तीमथ्य 2 मध्ये स्त्रीनं पुरुषावर अधिकार चालवू नये असं आहे. प्रभूनं बारा शिष्य निवडले ते सगळे पुरुष. त्याच्यासोबत मग्दालीया मरीया होती, मार्था होती, त्यांना तो निवडू शकला असता. जग बदललं म्हणून वचनाचा अर्थ बदलत गेलो तर उद्या काय उरेल? दुसरं असं की तुम्ही लोकांच्या भीतीला हलकं समजू नका. आमच्या गावात मंडळी एकदा फुटली आहे. कारण वेगळं होतं, पण सख्खे भाऊ दोन ठिकाणी उपासनेला जायला लागले ते अजून एकत्र नाहीत. तो घाव मी पाहिलाय. पाळकाचं पहिलं काम कळप एकत्र ठेवणं.

निवृत्त_पाळक

शमुवेलभाऊ, तुमच्या आईंना माझा सलाम. तुम्ही तळमळीनं लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

करिंथकरांच्या त्याच पत्रात तीन अध्याय मागे चला. 11व्या अध्यायाच्या 5व्या ओवीत पौल सांगतो की प्रार्थना करणाऱ्या किंवा संदेश देणाऱ्या स्त्रीनं मस्तक झाकावं. म्हणजे ती मंडळीत बोलते आहे हे त्यानं धरूनच चाललंय, वाद फक्त डोक्यावरून पदर घेण्याचा. आपण काय केलं? पदर ठेवला. आजही आपल्या बाया उपासनेला बसल्या की पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतात. संदेश देणं मात्र काढून घेतलं. 14व्या अध्यायातलं 'गप्प राहावं' हे त्या गोंधळलेल्या मंडळीत शिस्त आणण्याच्या सूचनांमध्ये येतं. तिथे आधी अन्य भाषा बोलणाऱ्यालाही गप्प राहायला सांगितलंय आणि संदेष्ट्यालाही. त्या दोघांना आपण कायमचं गप्प बसवलेलं नाही. प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विला दोघं मिळून अपुल्लोला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देतात. अपुल्लो शास्त्रात निपुण होता, तरी त्याला शिकवणाऱ्यांत एक बाई होती.

बारा शिष्यांबद्दल माझ्या मनातलं बोलतो. ते बाराही पुरुष होते हे खरं. बाराही यहूदी होते हेही खरं. त्या बारांत माझ्या जातीचा, माझ्या देशाचा कुणी नव्हता. तरी मिशनऱ्यांनी माझ्या आज्याला प्रचारक केलं आणि चर्चनं मला पाळक केलं. माझ्यासाठी ते दार उघडलं तेव्हा कुणी बारांची यादी पुढे केली असती तर मी आज कुठे असतो? पुनरुत्थानाची पहिली बातमी तर प्रभूनं मग्दालीया मरीयेकडेच दिली, आणि ती शिष्यांना सांगायला पाठवली.

मंडळी फुटण्याची भीती खरी आहे, ती मी हलकी समजत नाही. पण त्या बैठकीत आम्ही एका पारड्यात ही भीती ठेवली आणि दुसऱ्या पारड्यात काहीच ठेवलं नाही. तिचं बोलावणं, तिची दीक्षा, तिचं त्या फरशीकडे बघत उभं राहणं, हे कुणी तोललंच नाही. कळप एकत्र ठेवायचा म्हणून आम्ही एक मेंढरू बाहेर पाठवलं.

तारकपूर

नगरकर म्हणून एक भर. मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, बाई कॅप्टन, म्हणजे त्यांच्यातली पाळक, असणं हे पहिल्यापासून आहे. 1882 साली ते मुंबईत आले, पुढे आपल्या जिल्ह्यातही काम वाढलं. त्यांच्यात नवरा-बायको दोघंही अधिकारी असतात, बाई एकटीही असते. नगरचं बूथ हॉस्पिटल ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या इव्हँजेलीन बूथ 1934 साली सगळ्या जगाच्या मुक्तिफौजेच्या जनरल म्हणून निवडून आल्या होत्या. आमच्या शेजारी एक कॅप्टनबाई राहायच्या, उपदेश, लग्न, माती सगळं करायच्या. सीएनआयची माणसंही त्यांच्याकडे प्रार्थनेला जायची. म्हणजे नगरच्या ख्रिस्ती माणसाला बाईच्या हातची सेवा नवी नाही. आपल्याच चर्चमध्ये नको असते.

कुपारी_वसई

जय येसू, पाळकसाहेब. मी कॅथलिक, त्यामुळे आमचा प्रश्न वेगळ्या ठिकाणी अडलाय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1994 साली स्त्रियांना धर्मगुरुपद देण्याचा अधिकार चर्चला नाही असं जाहीर केलं, आणि ते आजही तसंच आहे. पण त्याच्या अलीकडे बरंच हललंय. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये मग्दालीया मरीयेच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांसारखा दर्जा दिला. 2021 च्या जानेवारीत वाचक आणि वेदीसेवक ही पदं रीतसर स्त्रियांना खुली झाली. 2023 च्या सिनॉडमध्ये, म्हणजे रोमच्या धर्मसभेत, स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं.

आमच्या धर्मग्रामात मिस्साला, म्हणजे उपासनेला, वाचन बायकाच जास्त करतात आणि सिस्टर कम्युनियन, म्हणजे तुमचं प्रभुभोजन, वाटतात. आणि तुमची गोष्ट वाचून अंगावर काटा आला तो यासाठी, की सिस्टरच्या रांगेतून हळूच फादरच्या रांगेत सरकणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. आमच्या आजोबांनी मरेपर्यंत सिस्टरच्या हातून कम्युनियन घेतलं नाही. त्याच सिस्टरनी दवाखान्यात त्यांची तीन महिने सेवा केली. पाणी तिच्या हातचं घेतलं.

रूथ_प्रेस्बिटर

सलाम. मी सीएनआयचीच पाळक आहे, कुठल्या डायोसीजची ते लिहीत नाही. सेवेत 11 वर्षं झाली.

रांगेचा अनुभव मलाही आहे, पण तो दर महिन्याला येतो, त्याची सवय होते. ज्याची होत नाही ते सांगते. माझ्या पहिल्या मंडळीत एका वडिलांनी माझ्या सासूबाईंना गाठून विचारलं, 'त्या दिवसांत' त्या प्याल्याला हात लावतात का? मला विचारायचं धाडस नव्हतं. मी पुढच्या रविवारी मार्क 5 वर उपदेश केला. 12 वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून येते, प्रभूच्या वस्त्राला शिवते, आणि तो तिला मुलगी म्हणतो. विटाळाचं नाव मी घेतलं नाही, सगळ्यांना समजलं. त्या दिवशी काही बायका रडल्या. विटाळ आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडून आलो असं आपण म्हणतो, पण तो आपल्या मागोमाग चर्चच्या दारातून आत आलाय.

दुसरं, मयत. लग्नाला बाई पाळक चालते, बारशाला चालते. मातीला लोक पुरुष पाळक मागतात. एकदा रात्री एका तरुण मुलाचा अपघात झाला. दुसरे पाळक बाहेरगावी होते. मी गेले. पेटी खाली सोडताना त्याच्या आईनं माझा हात जो धरला तो माती लोटून होईपर्यंत सोडला नाही. पुरुष पाळकाचा हात तिला असा धरता आला नसता. त्या घरातला एकही माणूस त्यानंतर माझी रांग सोडून गेला नाही.

बाकी बारीकसारीक तर पुष्कळ. बदली झाली की नवऱ्याच्या नोकरीचं काय, हे पुरुष पाळकाला कुणी विचारत नाही. पाळकाच्या बायकोला सगळे पाळकीणबाई म्हणतात. माझ्या नवऱ्याला काय म्हणायचं यासाठी मंडळीकडे शब्दच नाही, त्यामुळे त्याला कुठल्याच कार्यक्रमात नीट बसता येत नाही. तरी दिवस अगदीच थांबलेत असं नाही. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये, सीएसआयमध्ये, 2013 साली नंद्यालच्या पुष्पललिता बिशप झाल्या. आपल्या सीएनआयमध्येही ओडिशातल्या फुलबनी डायोसीजला व्हायोलेट नायक बिशप झाल्या. माझ्या मंडळीतल्या मुलींना मी ही दोन नावं पाठ करायला लावली आहेत.

पाळकसाहेब, तुम्ही खूप प्रांजळ लिहिलंत. एकच विचारते, राग मानू नका. तुम्ही हे इथे आम्हाला सांगितलंत. तिला सांगितलंत का?

लीड्सवासी

इकडची थोडी माहिती. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पहिल्या स्त्री धर्मगुरू 1994 ला झाल्या, पहिली स्त्री बिशप 2015 ला, आणि 2025 मध्ये सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशप म्हणून जाहीर झालं. पण अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, जगातली पहिली स्त्री धर्मगुरू इंग्लंडातली नव्हेच. 25 जानेवारी 1944 ला, युद्ध चालू असताना, हाँगकाँगच्या बिशपांनी फ्लोरेन्स ली टिम-ओई यांना चीनमध्ये दीक्षा दिली, कारण मकावला निर्वासितांची गर्दी होती आणि प्रभुभोजन द्यायला कुणी पाळक पोचू शकत नव्हता. गरज पडली तेव्हा दार उघडलं. युद्ध संपल्यावर विरोध इतका झाला की त्यांनी पाळकपदाचं काम थांबवलं. दीक्षा मात्र सोडली नाही.

आणि काँग्रिगेशनल परंपरेत, म्हणजे ज्या अमेरिकन लोकांनी नगरला मिशन पाठवलं त्यांच्याच भाऊबंदांत, अँटोनेट ब्राऊन यांची दीक्षा 1853 सालची आहे. नगरकरांना परंपराच हवी असेल तर ही घ्या.

एस्तेर_मावशी

सगळं वाचलं. मला पाळक व्हायचं नाही, पण माझंही ऐका. आमच्या महिला मंडळानं घरोघरी मूठ-मूठ धान्य बाजूला काढून, लोणची-पापड विकून चर्चच्या छताचे पत्रे बदलले. पैसे आम्ही जमवले. कुठल्या दुकानातून पत्रे आणायचे ते ठरवलं कमिटीनं, आणि कमिटीत तेव्हा एकच बाई, तीही चहाच्या वेळी उठायची. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्या दिवशी पूर्ण उपासना आम्ही चालवतो, पुलपीटवरून बोलतो, दान उचलतो. कुणाला काही खटकत नाही. शनिवार उजाडला की आम्ही परत स्वयंपाकात. वर्षातला एक दिवस जे चालतं ते बाकीचे दिवस का चालत नाही, एवढं मला शमुवेलदादांनी सांगावं.

शमुवेल_नेवासे

मावशी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझी आईपण त्याच शुक्रवारी उपदेश करायची आणि मी पहिल्या बाकावर बसून ऐकायचो. वचनाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पाळकसाहेबांनी दिलेले संदर्भ काढून वाचतोय, घाईनं हो म्हणणार नाही. पण पत्र्यांच्या बाबतीत तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. आणि रूथ पाळकबाईंनी मातीचं जे लिहिलं ते मी घरात वाचून दाखवलं.

निवृत्त_पाळक

रूथताई, राग कसला. तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस इथे आलो नाही. नाही, तिला सांगितलं नव्हतं. सभांमध्ये दोन-चारदा भेट झाली, तेव्हा घरच्यांची विचारपूस केली आणि विषय टाळला.

काल संध्याकाळी तिला फोन केला. आता ती एका मोठ्या मंडळीची मुख्य पाळक आहे. पत्र माझ्या हातचं होतं हे सांगितलं. ती म्हणाली, 'मला माहीत होतं, साहेब. तुमचं अक्षर मी उपासनेच्या वहीत रोज बघायचे.' मी माफी मागितली. ती म्हणाली, केली. मग थोडा वेळ दोघंही गप्प. नंतर मी म्हणालो, ती रिकामी रांग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तर म्हणाली, मला रांग तेवढी आठवत नाही, नंतरचं आठवतं.

आशीर्वादित भाकर टाकून देत नाहीत, ती संपवावी लागते. माझं तबक रिकामं झालं होतं. तिचं भरलेलं होतं. उपासना सुटल्यावर ती ते घेऊन मागच्या खोलीत गेली, आणि त्या बायबलबाई आजी काठी टेकत तिच्यामागून आत आल्या. 'तू एकटी किती खाशील पोरी,' म्हणाल्या. दोघी जमिनीवर बसल्या. आजींना दात नव्हते, त्या प्रत्येक तुकडा उरलेल्या द्राक्षरसात भिजवून खात होत्या. सगळी भाकर संपेपर्यंत दोघींनी एकही शब्द काढला नाही. मग आजींनी तबक पदरानं पुसून तिच्या हातात दिलं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेवढा वेळ मी बाहेर दारात उभा राहून लोकांना सलाम करत होतो.